खिळ्याचा विद्युतचुंबक: वेढे मोजून करायचा प्रयोग

खिळ्याला तार गुंडाळून टाचण्या उचलायचा प्रयोग बहुतेक शाळांत होतो, पण टाचण्या चिकटल्या की वर्ग पुढे सरकतो. खरी मजा मोजण्यात आहे. वेढे दुप्पट केले तर ओढ किती वाढते, हे मुलांनी स्वतः मोजून पाहावे, त्यासाठी ही कृती.

साहित्य: चार इंची लोखंडी खिळा, २८ गेजची एनॅमलची तांब्याची तार ५ मीटर (मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते), १.५ व्होल्टचा टॉर्चचा मोठा सेल, होकायंत्र, पॉलिश पेपर, चिकटपट्टी, वाटीभर टाचण्या. टाचण्यांना आधी साधा चुंबक लावून पाहा. पितळी असतील तर त्या उचलल्याच जाणार नाहीत.

आधी खिळा मऊ करा. बाजारचा खिळा तार ओढून, ठोकून केलेला असतो. त्यामुळे तो कडक होतो आणि धारा बंद केल्यावरही थोडे चुंबकत्व धरून ठेवतो. निखाऱ्यात लालभडक होईपर्यंत तापवा आणि राखेत पुरून सावकाश थंड होऊ द्या. हे काम मोठ्या माणसाने, उघड्यावर करावे. जस्ताचा मुलामा असलेला खिळा मात्र तापवू नका, त्याचा धूर अपायकारक असतो.

आता तारेची दोन्ही टोके दोन-दोन सेंटिमीटर पॉलिश पेपरने खरवडा. एनॅमलचा थर तांब्यासारखाच लालसर चमकतो, म्हणून तार उघडीच आहे असे वाटते. प्रयोग फसतो तो बहुधा इथेच. खरवडलेला भाग फिकट गुलाबी दिसला पाहिजे.

हा थर फार मोलाचा आहे. विल्यम स्टर्जनने १८२५ मध्ये नालाकृती विद्युतचुंबक केला, तेव्हा त्याची तार उघडी होती. म्हणून त्याने लोखंडालाच वॉर्निश लावले आणि वेढे एकमेकांना न टेकवता जेमतेम १८ घेतले. तरी सुमारे २०० ग्रॅमच्या त्या लोखंडाने ४ किलो वजन उचलले. पुढे जोसेफ हेन्रीने तारेलाच रेशमी आवरण दिले, मग वेढे खेटून आणि थरावर थर घेता आले. आपल्या तारेवरचे एनॅमल तेच काम करते.

खिळ्याच्या टोकाकडून सुरुवात करून एकाच दिशेने, खेटून २५ वेढे घ्या आणि चिकटपट्टीने बांधा. उरलेली तार कापू नका. कापली तर रोध बदलतो, धारा बदलते, आणि ओढ वेढ्यांमुळे वाढली की धारेमुळे ते कळत नाही. उरलेली तार मधोमध दुमडून दुपदरी करा आणि खिळ्यापासून लांब ठेवा. शेजारच्या दोन पदरांत धारा उलटसुलट वाहते, त्यामुळे त्यांचा परिणाम जवळजवळ पुसला जातो.

तारेची टोके सेलला दाबून धरा, खिळ्याचे टोक टाचण्यांच्या ढिगात बुडवा, उचला, दुसऱ्या वाटीवर नेऊन एक टोक सोडा. पडलेल्या टाचण्या मोजा. चिकटून राहिलेल्या वेगळ्या मोजा: ते खिळ्यात उरलेले चुंबकत्व. असे पाच वेळा करून सरासरी काढा. धारा एका वेळी पाच सेकंदांहून जास्त नको. तार तापते, सेल लवकर उतरतो आणि आकडे घसरत जातात. आणि ही तार घरातल्या प्लगला कधीही, कोणत्याही कारणाने लावायची नाही.

मग त्याच तारेने ५० वेढे, मग १०० वेढे. क्रम कमीकडून जास्तीकडेच ठेवा, म्हणजे आधीच्या जोरदार फेरीचे उरलेले चुंबकत्व पुढच्या मोजणीत मिसळणार नाही. वेढे आडव्या अक्षावर आणि टाचण्या उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढा. रेषा अगदी सरळ येणार नाही, कारण टाचण्या एकमेकींना अडकून झुबक्याने उचलल्या जातात. मुलांना तेवढ्यासाठी आकडे दुरुस्त करू देऊ नका.

शेवटी वेढे न सोडता खिळा अलगद ओढून काढा आणि पुन्हा धारा सोडा. एखादी टाचणीही मुश्किलीने हलेल. लोखंड किती काम करत होते ते इथे दिसते. खिळा परत घाला, टोकाजवळ होकायंत्र धरा, सेल उलटा करा, सुई फिरते. उजव्या हाताची बोटे धारेच्या दिशेने वेढ्यांभोवती वळवली, तर अंगठा उत्तर ध्रुव दाखवतो. सुईशी हे ताडून वहीत आकृतीसह लिहा.