विस्मयाभावाची भाषा : इंग्रजी आणि मराठी गद्यातील काही रूपे

जी गोष्ट अपेक्षित होती ती तशीच घडली, हे सांगण्याची गरज मुळात का पडावी, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. अपेक्षित गोष्टीत सांगण्यासारखे थोडेच असते. तरीही वैचारिक गद्यात, विशेषतः समीक्षेत आणि इतिहासलेखनात, 'यात आश्चर्य नाही' या आशयाची वाक्ये पदोपदी आढळतात. अद्भुतरसाचा स्थायिभाव जो विस्मय, त्याची चर्चा साहित्यशास्त्राने विस्ताराने केली. त्याच्या अभावाची भाषा मात्र बव्हंशी दुर्लक्षित राहिली. वास्तविक असे विधान घटनेविषयी जितके सांगते, तितकेच ते लेखक वाचकाकडून काय गृहीत धरतो आहे याविषयी सांगते.

इंग्रजी गद्यात या प्रयोजनासाठी सिद्ध असलेली साधने विपुल आहेत. 'नो वंडर' ही त्यांतील जुनी पद्धत होय. 'वंडर' या शब्दाला नकार जोडण्याची रीत प्राचीन इंग्रजीतही आढळते. त्या काळच्या काव्याला नकाराच्या द्वारे होकार सूचित करणाऱ्या सौम्योक्तीची जी आवड होती, तिच्याशी हे सुसंगतच आहे. 'स्मॉल वंडर' हे त्याचे अधिक सावध रूप. 'ऑफ कोर्स' मध्ये प्रवाहाची, ठरलेल्या क्रमाची कल्पना आहे, तर 'नॅचरली' मध्ये निसर्गाची. आधुनिक इंग्रजीत मात्र 'नॉट सरप्रायझिंगली' व 'अनसरप्रायझिंगली' ही वाक्यारंभीची क्रियाविशेषणे रूढ झाली, आणि त्यांबरोबर एक बदल घडला. आश्चर्य कोणाला वाटले नाही, हे या शब्दांत सांगितलेलेच नसते. लेखकाला, वाचकाला की सर्व जाणत्या लोकांना? ही संदिग्धता लेखकाच्या सोयीची असते. वाचकाला आश्चर्य वाटलेच, तर तो स्वतःलाच अजाण समजून गप्प बसतो.

या साधनाचा समर्थ वापर पाहावयाचा असेल, तर एडवर्ड गिबनकडे वळावे. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाच्या व पतनाच्या त्याच्या इतिहासाचे सहा खंड १७७६ ते १७८८ या काळात प्रसिद्ध झाले. पश्चिमेकडील साम्राज्याच्या पतनावरील प्रसिद्ध विवेचनात तो प्रश्नच उलटा करतो. साम्राज्य का कोसळले याचे नवल करण्यापेक्षा ते इतका दीर्घकाळ टिकले कसे याचेच नवल करावे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. येथे विस्मय नाहीसा केलेला नाही. तो एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी ठेवला आहे. शिवाय अमर्याद विस्तार हे कारण गिबन लगोलग पुढे करतो. ते कारण मान्य करावे की न करावे हा इतिहासकारांचा वाद; पण वाद घालता येईल असे काही तरी तो वाचकाच्या हाती देतो, हे महत्त्वाचे.

मराठीतील शब्दांकडे वळताच एक मौलिक भेद लक्षात येतो. 'सरप्राइझ' हा मूळचा फ्रेंच शब्द अकस्मात गाठणे, झडप घालणे या अर्थाचा. त्याचे केंद्र ज्याच्यावर झडप पडते त्या माणसात आहे. 'नवल' मध्ये 'नव' आहे, म्हणून त्याचे केंद्र वस्तूच्या नवेपणात आहे. 'आश्चर्य' हा शब्द पाणिनीने 'अनित्य' या अर्थी सिद्ध केला आहे. जे नित्य आढळत नाही ते आश्चर्य. म्हणजे 'यात नवल नाही' असे म्हणणारा मराठी लेखक व्युत्पत्तीच्या दृष्टीने स्वतःच्या मनाविषयी बोलत नसून, ही गोष्ट पूर्वीही घडलेली आहे, नेहमी घडते, असा दावा करतो. असा दावा पुराव्याने तपासता येतो. पूर्वी केव्हा घडली, कोठे घडली, असे विचारण्याचा अधिकार वाचकाला मिळतो.

'अर्थात' या शब्दाची कथा याहून बोधक आहे. हे संस्कृत पंचम्यन्त रूप असून 'अर्थावरून', 'ओघाने प्राप्त होणारे' हा त्याचा मूळ भाव होय. मीमांसकांनी अर्थापत्ति हे स्वतंत्र प्रमाण मानले. देवदत्त दिवसा जेवत नाही आणि तरीही पुष्ट आहे, तेव्हा तो रात्री जेवत असला पाहिजे, हे त्याचे परंपरागत उदाहरण. या पार्श्वभूमीवर 'अर्थातच' लिहिणारा लेखक दोन ज्ञात गोष्टींमधील विसंगती तिसऱ्या गोष्टीच्या आधारे मिटवण्याचे ओझे पत्करतो. आजच्या गद्यात हे ओझे कोणी वाहत नाही. 'अर्थात, हे सर्वांना मान्य होईल असे नाही' या वाक्यात तर तो शब्द अनुमान सोडून केवळ सवलत देणारा झाला आहे. भाषेत असे व्हावयाचेच. तक्रारीचे कारण नाही. पण शब्दाला प्रमाणाची प्रतिष्ठा आणि प्रत्यक्षात हुंकाराचे काम, अशी स्थिती आली की शोधनिबंधात त्याच्याकडे सावधपणे पाहिले पाहिजे.

बोलण्यात मराठी माणूस या संस्कृत शब्दांवर फारसा विसंबत नाही. त्याचे मुख्य साधन 'च' हे अव्यय. प्राचीन मराठीतील 'चि' चे हे रूप असून महाराष्ट्री प्राकृतातील 'च्चिअ' शी त्याचा संबंध जोडला जातो. 'तो येणार' आणि 'तो येणारच' यांतील अंतर एका अक्षराचे आहे; इंग्रजीला त्यासाठी स्वतंत्र क्रियाविशेषण किंवा अख्खे उपवाक्य लागते. दुसरे साधन प्रश्नाचे. वर्धा जिल्ह्याच्या खेड्यांतील बोलीत ही दोन्ही रूपे जोडीने ऐकू येतात. 'पानी आलं नाही त पराटी सुकनारच' हे एक, आणि 'पानी आलं नाही त कापूस कायचा होईन?' हे दुसरे. प्रमाण मराठीच्या वाचकाला 'होईन' हे प्रथमपुरुषी वाटेल. वऱ्हाडी-नागपुरी बोलीत ते तृतीयपुरुषीही असते. दोन्ही वाक्यांत 'त' ने जोडलेले कारण आधी उच्चारले जाते आणि मगच विस्मयाभाव येतो. कारण परिस्थितीवरून उघड असल्याखेरीज नुसता 'सुकनारच' ऐकणाऱ्याला अपुरा वाटतो. 'काऊन?' असा प्रश्न लगेच येतो.

एकोणिसाव्या शतकात मराठी गद्य इंग्रजीच्या सान्निध्यात घडले. १८३१ चा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, कँडीने पूर्णत्वास नेलेला १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश, आणि १८७४ पासूनची विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' हे त्या वाटचालीतील सुपरिचित टप्पे. या निबंधगद्याने कार्यकारणाची लांब वाक्ये मराठीत मुरवली, हे त्याचे ऋण मोठे आहे. परंतु पुढे विद्यापीठीय लेखनात 'साहजिकच' आणि 'स्वाभाविकपणे' हे शब्द इंग्रजी क्रियाविशेषणांच्या जागी, त्यांच्याच धर्तीवर वाक्यारंभी बसू लागले, आणि बोलीतील 'त' गळाला. 'या काळात साहजिकच ग्रामीण कादंबरी बहरली' हे वाक्य प्रबंधांत शोभावे असे आहे. त्यात कारण मात्र कोठेच नाही. डॅनिएल डेनेट या अमेरिकन तत्त्वज्ञाने २०१३ च्या आपल्या पुस्तकात 'शुअर्ली' हा शब्द दिसताच वाचकाने थबकावे, युक्तिवादातील कच्चा दुवा तेथेच असण्याचा संभव असतो, असे सुचवले आहे. मार्गदर्शकांनी 'साहजिकच' ला तोच नियम लावून पाहावा.

हा केवळ शैलीचा प्रश्न नाही, हे विदर्भातील साहित्याच्या अभ्यासात विशेष जाणवते. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. वर्धा त्यांपैकी एक होता. तेव्हापासून या प्रदेशातील कोणतीही दुःखकथा कापूस, कर्ज आणि नापिकी यांचे 'साहजिक' फलित म्हणून वाचण्याची सवय बळावली आहे. उद्धव शेळके यांची 'धग' ही १९६० ची कादंबरी या सवयीला दाद देत नाही. कौतिकच्या संसाराची पडझड दारिद्र्यामुळे होते हे खरे. पण त्या दारिद्र्यात नवऱ्याचा नाकर्तेपणा, मुलांची वेगवेगळी वळणे, आजार आणि तिची स्वतःची हट्टी उमेद अशी अनेक कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. प्रत्येक वेळी सावरण्याची शक्यता खरी वाटते, म्हणूनच प्रत्येक पडझड बोचते. 'अशा परिस्थितीत असेच होणार' असे म्हणणारा समीक्षक कौतिकच्या धडपडीलाच निरर्थक ठरवतो. कौतिक हे वऱ्हाडातील प्रचलित नाव, त्यामागे लेखकाचा हेतू शोधण्याचे कारण नाही. तथापि 'कौतुक' या शब्दाचा जुन्या मराठीतील एक अर्थ नवल हाच आहे.

त्याच कादंबरीत महादेवला महारोग होतो. महारोग्याला घराने आणि गावाने दूर लोटणे हे त्या समाजाला साहजिकच वाटत होते, असे अभ्यासक सहज लिहून जातो. कोणाला साहजिक वाटत होते, हे मात्र त्याने सांगितले पाहिजे. कारण याच वर्ध्यालगत दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ साली, म्हणजे 'धग' प्रसिद्ध होण्यापूर्वी चोवीस वर्षे, कुष्ठरोग्यांच्या सेवेचे काम सुरू केलेले होते.