जागा न सोडणारी माहिती

चेन्नईच्या एग्मोर भागात पँथिऑन रस्त्यावर, शासकीय संग्रहालयाच्या आवारात कॉनेमारा सार्वजनिक ग्रंथालय आहे. ते ५ डिसेंबर १८९६ रोजी लोकांस खुले झाले. १९५४ च्या कायद्याप्रमाणे देशात प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकांच्या प्रती ज्या चार ग्रंथालयांकडे पाठवाव्या लागतात, त्यांपैकी हे एक होय. मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय हे दुसरे.

एखाद्या मोठ्या ग्रंथसंग्रहात प्रत्येक पुस्तकाची जागा कायम ठरविली आहे, अशी कल्पना करावी. सूचीतील कार्डावर ‘कपाट ७, फळी ३, पुस्तक १२’ असे लिहिलेले असते. कोणी ते पुस्तक उचलून दुसऱ्या कपाटात ठेवले व कार्ड तसेच राहिले, तर वाचकास त्या जागी भलतेच पुस्तक मिळेल. पुस्तक सुरक्षित आहे, कार्डही सुवाच्य आहे. परंतु दोहोंमधील नाते तुटले आहे. संगणकाच्या स्मृतीतही नेमका हाच दोष उद्भवू शकतो.

लिनक्स या संगणक-व्यवस्थेचा गाभा म्हणजे कर्नेल. छापयंत्र, जाळ्याचे कार्ड, तबकडी इत्यादी उपकरणांशी बोलणी करणाऱ्या त्यातील आज्ञावलीस ड्रायव्हर म्हणतात. १९९१ पासून कर्नेल मुख्यतः सी भाषेत लिहिले जात आहे; डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६.१ या आवृत्तीपासून त्यात रस्ट या भाषेसही स्थान मिळाले. सामान्य आज्ञावली चुकली तर ती एकटी बंद पडते. ड्रायव्हर चुकला तर सारे यंत्र थांबू शकते. म्हणून येथील शिस्त अधिक कडक असावी लागते.

परस्परांशी संबंधित माहिती एकत्र बांधली म्हणजे तिला संरचना म्हणतात व तिच्या भागांस घटक. रस्ट भाषेत एखादी संरचना तयार करून दुसरीकडे सोपविली, की ती स्मृतीतील एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर जाऊ शकते. बहुतेक माहितीस याने काही बाधा येत नाही. परंतु कर्नेलमधील म्यूटेक्स नावाचे कुलूप पाहावे. ते मिळावे म्हणून थांबलेल्यांची एक यादी त्याच्या पोटात असते. कोणीही थांबलेले नसता त्या यादीचे दोन्ही दर्शक तिच्या स्वतःच्याच पत्त्याकडे वळलेले असतात. कुलूप हलविले तर दर्शक जुन्या, आता परक्या झालेल्या जागेकडे बोट दाखवीत राहतात. हेच ते जुने कार्ड.

यावर रस्टने २०१९ मध्ये ‘पिन’ ही योजना स्थिर केली. पिन केलेली वस्तू नेहमीच्या सुरक्षित मार्गाने हलविता येत नाही; तसा प्रयत्न आढळल्यास कंपायलर आज्ञावली स्वीकारीतच नाही. तथापि एक अडचण उरते. वस्तू आधी एका जागी घडवावी व मग कायम जागी नेऊन पिन करावी, तर त्या नेण्यातच दर्शक बिघडणार. म्हणजे वस्तू जेथे राहणार तेथेच तिचा जन्म झाला पाहिजे.

२०२३ मध्ये कर्नेलच्या ६.४ आवृत्तीत आलेल्या ‘पिन-इनिट’ या साधनाने हे साधले. त्यात वस्तूऐवजी तिची कृती पुढे पाठविली जाते. प्रथम स्मृतीत जागा राखली जाते, मग त्या पत्त्यावर कृतीनुसार एकेक घटक लिहिला जातो. एखादा घटक विसरला तर कंपायलर तेथेच अडवितो.

घटक परस्परांवर अवलंबून असले की क्रमासही महत्त्व येते. उपकरणास काही कळवावयाचे असते तेव्हा ते इंटरप्ट, म्हणजे व्यत्ययाचा संकेत, पाठविते. समजा, एका संरचनेत दोन घटक आहेत: संकेत हाताळण्यास लागणारी माहिती व त्या संकेताची कर्नेलकडील नोंदणी. नोंदणी करताना माहितीचा पत्ता कर्नेलच्या हाती दिला जातो, आणि त्याच क्षणापासून संकेत येऊ शकतो. माहिती सिद्ध होण्यापूर्वी नोंदणी झाली, तर अर्धवट लिहिलेली स्मृती वाचली जाईल. म्हणून माहिती आधी व नोंदणी शेवटी, हाच आरंभाचा योग्य क्रम होय. पिन-इनिटमध्ये घटक ज्या क्रमाने कृतीत मांडले त्याच क्रमाने घडतात, आणि पुढचा घटक घडविताना आधी सिद्ध झालेल्या घटकाकडे पाहता येते. मध्येच नोंदणी फसली, तर तोवर घडलेले घटक नीट मोडून टाकले जातात व वर त्रुटी कळविली जाते. अर्धवट वस्तू कोणाच्याही हाती पडत नाही.

मोडण्याचा क्रम मात्र याच्या उलट हवा: आधी नोंदणी रद्द, मग माहिती नष्ट. पूर्ण झालेली संरचना मोडताना रस्ट तिचे घटक जाहीर केलेल्या क्रमाने मोडते, घडविलेल्या क्रमाने नव्हे. यास्तव संरचनेच्या व्याख्येत नोंदणी वर लिहावी व माहिती खाली, जरी घडविताना माहिती पहिली असली तरी. या दोन ओळींची अदलाबदल झाली तर कंपायलर हरकत घेईलच असे नाही. आणि उपकरण काढून घेताना नेमका तेव्हाच संकेत आला, तर नष्ट झालेल्या स्मृतीस हात लागेल. असा दोष शंभर वेळा लपून राहतो व एखाद्या वेळी प्रकट होतो.

जागा न बदलण्याची हमी भाषा देऊ शकते. प्रत्येक घटक सिद्ध झाला की नाही, हेही ती तपासू शकते. परंतु कोणाचा आधार कोणास आहे, हे ड्रायव्हर लिहिणाऱ्यानेच ओळखावे लागते. ग्रंथपालही पुस्तक फळीवर ठेवल्याखेरीज त्याचे कार्ड सूचीत लावीत नाही, आणि पुस्तक काढून घ्यावयाचे तर आधी कार्ड काढतो. ड्रायव्हरमधील नियम याहून वेगळा नाही.