सूर्यकिरणांची निळी चित्रे

इंग्लंडमधील केंट परगण्यात ॲना ॲटकिन्स नावाच्या एक विदुषी राहत असत. वनस्पतिशास्त्राचा त्यांना मोठा व्यासंग होता. समुद्रशेवाळाचे नाना प्रकार त्यांनी जमविले होते. चित्रकलेतही त्यांचा हात तयार होता. वडिलांनी भाषांतरित केलेल्या ग्रंथासाठी त्यांनी शंखशिंपल्यांची सुरेख चित्रे काढली होती. परंतु शेवाळाचे तंतू इतके नाजूक, की त्यांची हुबेहूब आकृती काढणे त्यांनाही कठीण वाटले.

याच सुमारास, १८४२ साली, सर जॉन हर्शेल या शास्त्रज्ञांनी 'सायनोटाइप' ही छायाचित्रणाची नवी रीत शोधून काढली. दोन लोहयुक्त क्षारांचे द्रावण मंद उजेडात कागदावर फासावयाचे आणि तो वाळला, की त्यावर वस्तू ठेवून उन्हात मांडावयाचा. जेथे ऊन लागते, तेथे त्या क्षारांपासून पाण्यात न विरघळणारा गडद निळा रंग तयार होतो. मग कागद धुतला, की झाकलेल्या जागेवरील क्षार वाहून जातात व निळ्या कागदावर वस्तूची पांढरी आकृती उमटते. कॅमेरा नको, शाई नको!

ॲटकिन्सबाईंनी ही रीत उचलली. १८४३ ते १८५३ अशी दहा वर्षे खपून त्यांनी शेवाळांच्या चित्रांचा ग्रंथ भागाभागांनी सिद्ध केला. प्रत्येक प्रतीचे प्रत्येक पान उन्हातच छापावयाचे! छायाचित्रांनी सजलेला हा जगातील पहिला ग्रंथ मानला जातो.

आज भ्रमणध्वनीने क्षणात ढीगभर छायाचित्रे घेता येतात. तरीही काही कलावंत या जुन्या रीतीकडे वळले आहेत. ते डिजिटल कॅमेऱ्याने छायाचित्र घेतात. संगणकावर त्यातील काळ्याचे पांढरे व पांढऱ्याचे काळे करून ते पारदर्शक फिल्मवर छापतात. शेवाळाच्या जागी ही फिल्म ठेवली, की कागदावर कधीही न मावणारा डोंगर किंवा धुक्यातील नदी निळ्या छटांत अवतरते.

या कामाला घाई चालत नाही. शंभर छायाचित्रांतून एकच निवडावे लागते, आणि त्यासाठी त्याकडे पुनःपुन्हा पाहावे लागते. अशा पाहण्यातच झाडाची एखादी वाकलेली फांदी किंवा पाण्यावरची पुसट सावली प्रथम ध्यानात येते. नव्या यंत्राने वेग दिला. जुन्या रीतीने निवांतपणे पाहावयास शिकविले. दोहोंची जोड मिळाली, म्हणजे चित्र डोळ्यांत भरते आणि मनातही राहते.

स्वाध्याय

१. ॲटकिन्सबाईंना सायनोटाइपची रीत का उपयोगी पडली?
२. झाकलेली जागा पांढरी का राहते?
३. एखाद्या पानाचे दहा मिनिटे निरीक्षण करून त्याचे वर्णन लिहा.