ब्रेक बदलून स्पेसर लावल्यावर स्टीअरिंग थरथरते

प्रश्न : पुढच्या डिस्क, पॅड बदलले आणि चाकांना स्पेसर लावले. तेव्हापासून ८०च्या पुढे स्टीअरिंग थरथरते. बॅलन्सिंग, अलाइनमेंट दोन्ही झाले, फरक नाही. दोष कशात?

उत्तर : आधी नट घट्ट आहेत का ते पाहा, तोवर हायवेवर जाऊ नका. मग पुढचे स्पेसर काढून, मूळ नट-बोल्ट वापरून, त्याच रस्त्यावर त्याच वेगात गाडी चालवा. थरथर गेली, तर दोष स्पेसरचाच. माझा पहिला संशय तिथेच आहे. स्पेसरचे मधले भोक हबवर नेमके बसायला हवे, आणि त्याच्या बाहेरच्या कडेवर चाक. तिथे फट असेल तर चाक केवळ नटांच्या आधाराने बसते आणि किंचित एका बाजूला सरकते. बॅलन्सिंग मशीनला हे कळत नाही, कारण तिथे चाक स्पेसरशिवाय चढवलेले असते. अलाइनमेंटचा तर या थरथरीशी सहसा संबंधच नसतो.

थरथर ब्रेक दाबल्यावरच येत असेल, तर मात्र डिस्ककडे वळा. जुन्या हबवरचा गंज न घासता नवी डिस्क बसवली की ती तिरकी फिरते. हब तारेच्या ब्रशने लख्ख करून डायल गेजने डिस्कची डगडग मोजायला सांगा, साधारण ०.०५ मिलिमीटरपर्यंत ठीक, नेमकी मर्यादा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते.

नट एअर गनने ठोकू देऊ नका. समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचनेच आवळायला लावा.