वर्गातील कागाळ्या : गाऱ्हाणे, चहाडी आणि वर्दी

नागपूर जिल्ह्यातील कोणत्याही द्विशिक्षकी शाळेत दिसणारे हे दृश्य आहे. एका शिक्षकाकडे पहिली व तिसरी असे दोन वर्ग आहेत. फळ्यावर तिसरीची हातच्याची वजाबाकी मांडून होते न होते तोच पहिलीच्या रांगेतून आवाज येतो, ‘गुरुजी, यानं मले ढकललं!’ त्याचा निवाडा होतो न होतो तोच दुसरा आवाज, ‘गुरुजी, तिनं पाटी पुसली नाही!’ तासाभरात अशा दहा-बारा कागाळ्या आल्या की शिक्षक त्रासून म्हणतात, ‘चहाड्या करू नका, जागेवर बसा.’ वर्ग शांत होतो. परंतु या शांततेची किंमत पुष्कळदा मुलांनाच मोजावी लागते.

सर्व कागाळ्या एका जातीच्या नसतात. स्वतःवर झालेला अन्याय सांगणे हे गाऱ्हाणे होय. दुसऱ्यास शिक्षा व्हावी, किंवा त्याच्या तुलनेत आपण गुणी ठरावे, म्हणून त्याचा दोष सांगणे ही चहाडी होय. संकट दिसताच ते वडीलधाऱ्यांस कळविणे ही वर्दी होय. ‘गुरुजी, तो मागच्या भिंतीवर चढला’ हे एकच वाक्य पाहावे. भिंत बुटकी असून सांगणाऱ्यास केवळ सोबत्याला मार बसलेला पाहावयाचा असेल, तर ती चहाडी. भिंत पावसाने खचलेली असेल, तर ती वर्दी. शब्द तेच, भेद हेतूत व प्रसंगात आहे. सर्वांना एकच दटावणी मिळाली, तर चहाडी थांबो न थांबो, वर्दी मात्र खात्रीने थांबते.

येथे मुलांचे वयही ध्यानात घ्यावे. स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी मुलांच्या नैतिक विचारांवरील आपला ग्रंथ १९३२ साली प्रसिद्ध केला. भावाची खोडी वडिलांना सांगावी काय, असे त्यांनी मुलांना विचारले होते. सहा-सात वर्षांच्या बहुतेक मुलांनी सांगावी असे म्हटले. त्याहून मोठ्या मुलांचा कल भावाला सांभाळून घेण्याकडे होता. म्हणजे पहिलीतील मूल कागाळी करते ते बहुधा दुष्टपणाने नव्हे. नियम त्याला नवा असतो आणि तो सर्वांना सारखाच लागू आहे ना, याची ते गुरुजींकडून खात्री करून घेत असते. अशा मुलास ‘चहाडखोर’ हे नाव चिकटविणे अन्यायाचे आहे.

चहाडीची सवय कित्येकदा शिक्षकच लावतात. वर्गाबाहेर जाताना ‘बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहून ठेव’ अशी आज्ञा वर्गनायकास देणे, ही अगदी परिचयाची रीत आहे. तिने वर्गनायक हेर होतो आणि स्नेह्यांची नावे पुसली जातात. लोकमान्य टिळकांच्या बालपणातील म्हणून सांगितली जाणारी शेंगांच्या टरफलांची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. तिच्या काही पाठांत बाळ टिळक सोबत्यांची नावे सांगण्याचेही नाकारतात. मुलांना ती गोष्ट सांगताना ‘नावे कोणी विचारली व का?’ हा प्रश्न शिक्षकांनी स्वतःसही विचारावा. वर्गनायकाकडे नावांऐवजी काम द्यावे : पाठ घेणे, पुस्तके वाटणे, गोष्ट वाचून दाखविणे.

प्रत्यक्ष वर्गात पुढील क्रम उपयोगी पडतो. प्रथम मुलाचे एक वाक्य पूर्ण ऐकावे. मग तीन प्रश्न विचारावेत : ‘कोणाला लागले आहे काय? तू त्याला काय सांगितलेस? आता काय व्हावे असे तुला वाटते?’ पुष्कळ कागाळ्या दुसऱ्याच प्रश्नाशी मिटतात, कारण मूल सोबत्याशी बोललेलेच नसते. ‘मला ढकलू नकोस, मला लागते’ हे वाक्य ठामपणे म्हणण्याचा सराव मुलांकडून करून घ्यावा. एकाच्या सांगण्यावरून दुसऱ्यास सर्वांसमक्ष शिक्षा कधीही करू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केलेली आहे; शिवाय शिक्षेचा लाभ दिसला की चहाडी वाढते.

तातडीची नसलेली गाऱ्हाणी शनिवारच्या बालसभेसाठी राखून ठेवावीत. नागपूरजवळच सेवाग्राम येथील नयी तालीमच्या शाळेत मुलांची आमसभा भरे व मुले आपापली कामे वाटून घेत. बालसभेत कोणाला दोषी ठरवावयाचे नसते. ‘पाण्याच्या रांगेत ढकलाढकली होते, त्यास उपाय काय?’ असा प्रश्न मांडावयाचा असतो.

मात्र काही गोष्टी शनिवारपर्यंत थांबत नाहीत. साप, उघडी विहीर, विजेची तुटलेली तार, मारहाण, कोणी केलेला नकोसा स्पर्श, ‘कोणाला सांगू नकोस’ अशी मोठ्या माणसाने घातलेली धमकी, या गोष्टी तत्क्षणी सांगावयाच्या, हे मुलांना सत्रारंभीच व पुनःपुन्हा सांगावे. ती स्वतःविषयीची असो वा सोबत्याविषयीची, तिला चहाडी म्हणू नये. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळताच ती पोलिसांना कळविणे हे २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने बंधनकारक आहे. ती शाळेतच दडपता येत नाही. मुलांसाठीचा १०९८ हा दूरध्वनी क्रमांक वर्गाच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

असे सांगावयास येणारे मूल बहुधा अडखळत येते आणि आरंभी पेन्सिलीचीच गोष्ट काढते. पेन्सिलीच्या गाऱ्हाण्याला ज्या दिवशी ‘जागेवर बस’ हे उत्तर मिळते, त्या दिवशी पुढची गोष्ट त्याच्या मनातच राहते. म्हणून वजाबाकी अर्धी राहिली तरी चालेल. खडू खाली ठेवून त्याचे पहिले वाक्य पुरे ऐकावे.