आधी शून्य वाचन

स्क्रू-गेजने तारेची जाडी मोजताना आपण प्रथम काय करतो? तार न धरता दोन्ही टोके टेकवून शून्य वाचन घेतो. ते विसरले, की पुढचे सारे मोजमाप फसते. आज ही गोष्ट एका वेगळ्याच विषयासाठी हवी आहे.

नागपूरला १८६४ साली स्थापन झालेले प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. आमच्या शेगावकडची माणसे त्याला सरसकट 'वेड्यांचे इस्पितळ' म्हणतात. मनाचा आजार जडलेला माणूस आणि लहानपणापासून बुद्धीची वाढ कमी झालेला माणूस, हे दोघेही त्यांच्या लेखी सारखेच. कायदाही तसाच होता. १९१२ च्या कायद्यातील 'ल्युनॅटिक' या शब्दात दोघेही येत. आजार उपचाराने बरा होऊ शकतो. पण बौद्धिक अक्षमता हा आजारच नव्हे. मग अशा मुलाला 'बरा झाला' म्हणून घरी सोडायचे तरी केव्हा? १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाच्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता वगळली. २०१७ च्या कायद्यानेही तेच केले. अशा मुलाला हवे असते ते शिक्षण, सराव आणि घर.

येथे दुसरी चूक संभवते. बौद्धिक अक्षमता असलेल्यालाही नैराश्यासारखा मनाचा आजार होऊ शकतो. त्याला तो शब्दांत सांगता येत नाही, आणि भोवतालचे म्हणतात, "तो असाच आहे!"

आमच्या गल्लीतला चौदा वर्षांचा एक मुलगा रोज संध्याकाळी गुरांचा हौद भरीत असे. एकदा त्याने ते काम सोडले आणि तो डोके भिंतीवर आपटू लागला. नागपूरला टाकून यावे, असा सल्ला शेजाऱ्यांनी दिला. आई म्हणाली, "तो उजवीच बाजू आपटतो." डॉक्टरांनी कान तपासला. आत पू होता. दहा-बारा दिवसांत पोरगा पुन्हा हौदावर!

म्हणून वागणे बदलले, तर आधी कान, दात, पोट पाहावे. डाऊन सिंड्रोममध्ये, म्हणजे एकविसावे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असताना, थायरॉइड ग्रंथी मंदावण्याचा संभव अधिक असतो. मूल सुस्तावते. रक्ततपासणीने ते कळते आणि गोळीने सुधारते. असे काही नसेल, तर मनोविकारतज्ज्ञ हवेतच. क्वचित दाखलही करावे लागते. त्यात लाज कसली?

२०१७ च्या कायद्याप्रमाणे अल्पवयीन रुग्णाला प्रौढांपासून वेगळे ठेवावे लागते, आणि त्याच्यासोबत त्याचा प्रतिनिधी किंवा नेमलेली व्यक्ती पूर्ण वेळ राहावी लागते. मला ही तरतूद फार मोलाची वाटते. मात्र सोबतचा माणूस मुलाला ओळखणारा असावा. झोप, जेवण, फिट, रोजची कामे यांची नोंद घरच्यांनी व शिक्षकांनी एका वहीत आधीपासून ठेवावी आणि इस्पितळात जाताना ती बरोबर न्यावी. दाखल झाल्यानंतरच्या नोंदी तेथील परिचारिका करतील. त्याआधीच्या त्या वहीतच मिळतील.