धरणात पाणी, पुढचा कालवा कोरडा

प्रश्न : गोसीखुर्द सिंचन प्रकल्पासारखे काम अनेक कंत्राटदारांत वाटले, तर जोखीम कमी होत नाही का?
– एक शेतकरी, पवनी

उत्तर : एक कंत्राटदार बुडाला तरी सगळे थांबत नाही, एवढे खरे. पण जोखीम दोन कामांच्या सांध्यावर जाऊन बसते. १९८८ साली पायाभरणी झालेल्या या प्रकल्पाला २००९ मध्ये राष्ट्रीय दर्जा मिळाला, तरी कालवे रेंगाळतच राहिले. मधल्या टप्प्याचे भूसंपादन अडले, की खालचा तयार कालवा निरुपयोगी. अस्तरीकरण फुटले, तर अस्तरवाला मातीकामाकडे बोट दाखवणार! म्हणून जमीन ताब्यात आल्यावरच निविदा काढावी. सांध्याची जबाबदारी करारातच एकाच्या नावावर हवी. शिवाय सगळ्यांवर एकच समन्वय अभियंता, तोही वर्षाला बदलणारा नको. तो नसेल, तर तुकडे करूच नयेत.